शिकवणाऱ्या डॉक्टरने अभ्यास कधी करायचा?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी घरी आल्यावर मी उत्साहाने सांगितले, "मी आता मेडिकल एज्युकेशनमध्ये स्कॉलरशिप करणार आहे." माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मी म्हणतो, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून आनंदाने विचारले, "माशाअल्लाह! मग दरमहा किती मिळणार?"

नववीतली मुलगी हसत म्हणाली, "दादी, मम्मी तर स्वतःच शिकवते. तिला कोण स्कॉलरशिप देणार?"

चूक दोघींचीही नव्हती. आपल्याकडे स्कॉलरशिप म्हटले की शिष्यवृत्तीच आठवते. फॉर्म, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेच्या खात्यात येणारे पैसे. पण विद्यापीठांच्या जगात या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे. एखाद्या विषयाचा शिस्तीने अभ्यास करणे, त्यातून काही नवे शोधणे किंवा तयार करणे आणि ते इतरांसमोर तपासणीसाठी ठेवणे, यालाही स्कॉलरशिपच म्हणतात. त्यात पैसे मिळत नाहीत, उलट थोडे खर्चच होतात. हे ऐकल्यावर अम्मी पुन्हा तांदळाकडे वळल्या. यजमानांनी मात्र विचारले, "तुला मुळात वेळ कुठे आहे?"

या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते आहे. आज आपल्या समाजातल्या कितीतरी घरांतून मुले-मुली डॉक्टर होत आहेत. त्यांतले काही जण पुढे वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षक होतील. त्यांचे काम नेमके काय असते, त्यांचा जीव कशात गुंततो आणि त्यांना घरून कोणती मदत लागते, हे आईवडिलांना, जोडीदाराला आणि सासरच्या माणसांना कळले, तर पुष्कळ गैरसमज टळतील.

एका माणसाची तीन कामे

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसीन विभागात शिकवते. बाहेरच्या माणसाला वाटते की, मी 'सरकारी दवाखान्यातली डॉक्टर' आहे. ते खरेच आहे. सकाळी ओपीडी, मग वॉर्डाचा राऊंड, आठवड्यातून एक दिवस इमर्जन्सी. पण याच वेळात मी शिक्षकही असते. रुग्णाच्या खाटेभोवती एमबीबीएसची मुले उभी असतात. निवासी डॉक्टरांचे केस प्रेझेंटेशन असते, इंटर्नच्या कामावर लक्ष ठेवायचे असते, लॉगबुकांवर सह्या असतात, परीक्षा असतात. आणि तिसरे काम म्हणजे संशोधन. पदोन्नतीसाठी शोधनिबंध लागतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांप्रमाणे संशोधनपद्धती आणि अध्यापनाचे ठरावीक अभ्यासक्रमही शिक्षकांना पूर्ण करावे लागतात.

या तिन्ही कामांची भांडणे होतात आणि दरवेळी जिंकतो तो रुग्ण. तसेच व्हायला हवे. समोर धाप लागलेला माणूस असताना कोणी निबंध लिहीत बसणार नाही. पण यामुळे होते असे की, शिकवणे उरलेल्या वेळात होते आणि शिकवण्याचा विचार तर होतच नाही. आम्ही कसे शिकवतो? आमच्या शिक्षकांनी आम्हाला शिकवले तसे. ते बरोबर की चूक, हे कोणी तपासलेले नसते.

कोणत्याही नव्या औषधाला आम्ही पुरावा मागतो. पण तासभराच्या ज्या व्याख्यानात निम्मी मुले पेंगत असतात, त्या व्याख्यानाचा पुरावा आम्ही कधी मागत नाही.

वीस रेघा

माझ्या मनात हा विषय शिरला तो एका आजींमुळे. मधुमेह होता, साखर फार वाढली म्हणून आमच्याकडे दाखल झाल्या होत्या. बऱ्या होऊन घरी गेल्या. इन्सुलिनची बाटली, सुया आणि कागद दिला होता. सकाळी वीस युनिट, रात्री दहा. नवव्या दिवशी नातू त्यांना पुन्हा घेऊन आला. साखर पुन्हा तितकीच वाढलेली, तोंड कोरडे पडलेले, श्वास जोरात चाललेला.

सगळ्यांनी गृहीत धरले की, आजींनी इन्सुलिन घेतलेच नाही. निवासी डॉक्टर थोडे रागावूनही बोलला. आजींना बरे वाटल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. त्या म्हणाल्या, "घेतलं ना बाई. पोरानं सांगितलं तसंच घेतलं. सकाळी वीस रेघा, रात्री दहा रेघा."

नातवाने पिशवीतून सुई काढली आणि सगळा उलगडा झाला. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली दोन ताकदींची मिळते. एकीत प्रत्येक मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० वालीची टोपी लाल, १०० वालीची नारिंगी. दवाखान्यातल्या सुया संपल्यावर गावातल्या दुकानातून नातवाने नारिंगी टोपीची आणली होती. बाटली मात्र ४० ची. त्या सिरिंजच्या वीस रेघा भरल्या की, पोटात वीस नाही, फक्त आठ युनिट इन्सुलिन जाते. आजी रोज प्रामाणिकपणे निम्म्याहून कमी औषध घेत होत्या. उलटे झाले असते, म्हणजे १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तर वीसच्या जागी पन्नास युनिट गेले असते आणि जिवावर बेतले असते.

मी त्या इंटर्नला बोलावले. हुशार मुलगा. दोन्ही ताकदी, दोन्ही सिरिंज, रंग, गणित, त्याने सगळे धडाधडा सांगितले. परीक्षेत मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. "मग आजींना का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "मॅडम, मी सगळं समजावलं. 'समजलं का?' म्हणून विचारलंही. त्या 'हो' म्हणाल्या."

त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या घरातली वडीलधारी माणसेही डॉक्टरसमोर असेच करतात ना? काही कळले नाही तरी 'हो' म्हणतात. डॉक्टर घाईत असतो, आपण अडाणी ठरू असे वाटते, मागे रांग असते. इंटर्न खोटे बोलत नव्हता, आजीही खोटे बोलत नव्हत्या. आम्ही त्याला सांगायला शिकवले होते. समोरच्याला समजले की नाही, हे पाहायला कधीच शिकवले नव्हते.

जाणणे आणि करणे

नंतर वाचताना कळले की, माझ्या त्या रात्रीच्या अस्वस्थतेवर इतरांनी आधीच विचार केला होता. अमेरिकेतले डॉक्टर जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये एक साधा पिरॅमिड मांडला. तळाला 'माहीत आहे'. त्यावर 'कसे करायचे ते माहीत आहे'. त्यावर 'करून दाखवतो'. आणि शिखरावर 'रोजच्या कामात खरोखर करतो'. आमच्या बहुतेक परीक्षा तळाच्या दोन पायऱ्यांवर घुटमळतात. रुग्णाचा संबंध मात्र शिखराशी असतो. आमचा इंटर्न तळाला पक्का होता आणि आजींना गरज होती ती वरच्या पायरीची.

योगायोग असा की, त्याच १९९० साली अमेरिकेतल्या कार्नेगी फाउंडेशनचे अर्नेस्ट बॉयर यांनी एक पुस्तक लिहून विद्यापीठांना खडे बोल सुनावले. त्यांचे म्हणणे असे की, केवळ प्रयोगशाळेतला नवा शोध म्हणजेच विद्वत्ता नव्हे. विखुरलेले ज्ञान जोडणे, ते लोकांच्या प्रश्नांसाठी वापरणे आणि ते शिकवणे, हीदेखील विद्वत्तेचीच रूपे आहेत. मग १९९७ मध्ये त्याच संस्थेतल्या अभ्यासकांनी अशा कामाचा दर्जा ओळखण्याच्या सहा कसोट्या मांडल्या. हेतू स्पष्ट आहे का? पूर्वतयारी पुरेशी आहे का? पद्धत योग्य आहे का? परिणाम महत्त्वाचा आहे का? मांडणी नीट आहे का? आणि शेवटी, स्वतःच्या कामाकडे टीकेच्या नजरेने पाहिले आहे का?

या सहा प्रश्नांचा कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. चांगले शिकवणे आणि शिकवण्याचा अभ्यास यांतला फरक त्यातून कळतो. चांगला शिक्षक वर्ग गाजवतो आणि निवृत्त झाला की त्याची कला त्याच्याबरोबर जाते. अभ्यास करणारा शिक्षक आपण काय केले, का केले, काय घडले आणि कुठे फसलो, हे लिहून ठेवतो. मग दुसऱ्या गावातला शिक्षक तिथून पुढे जाऊ शकतो.

ही वाट जुनी आहे

आपल्या इतिहासात याचे एक सुंदर उदाहरण आहे. अबू बकर अल-राझी हे नवव्या-दहाव्या शतकातले थोर वैद्य. आजच्या तेहरानजवळचे रय हे त्यांचे गाव. तिथल्या आणि बगदादच्या रुग्णालयाचे ते प्रमुख होते. त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीचे वर्णन इब्न अल-नदीम यांनी 'अल-फिहरिस्त' या ग्रंथात केले आहे. राझींच्या भोवती विद्यार्थी वर्तुळात बसत. रुग्ण आला की, आधी बाहेरच्या वर्तुळातले विद्यार्थी विचार करत. त्यांना उत्तर सापडले नाही, तर प्रश्न आतल्या वर्तुळाकडे जाई. तिथेही अडला, तरच उस्ताद बोलत. आज आम्ही ज्याला 'विद्यार्थ्याला आधी विचार करू देणे' म्हणतो, ते हजार वर्षांपूर्वी रुग्णाच्या साक्षीने चालत होते. इतक्या व्यापातही राझी आपल्या निरीक्षणांची टिपणे ठेवत. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी ती जुळवली आणि त्यातूनच 'अल-हावी' हा प्रचंड ग्रंथ उभा राहिला. टिपणे नसती, तर सगळे त्यांच्याबरोबरच संपले असते.

अलीकडच्या काळातही मोठे बदल घडवले ते रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांनीच. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञांनी एका निरोगी बाईंना रुग्णाची भूमिका शिकवली, म्हणजे विद्यार्थ्यांची परीक्षा खऱ्या रुग्णाला त्रास न देता आणि सर्वांना सारखी घेता येईल. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीचे डॉ. रोनाल्ड हार्डेन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नव्या परीक्षापद्धतीचा निबंध लिहिला. एकाच्या वाट्याला सोपा रुग्ण, दुसऱ्याच्या वाट्याला अवघड, एक परीक्षक मवाळ, दुसरा कडक, हा अन्याय त्यांना खुपत होता. त्यांनी लहान लहान टप्पे मांडले. प्रत्येक विद्यार्थी प्रत्येक टप्प्यावर जाणार आणि गुण ठरलेल्या यादीनुसार मिळणार. आज आपल्या मुलांना ही परीक्षा 'ऑस्की' नावाने माहीत आहे. जगभर पोहोचलेल्या या पद्धतीचा उगम एका शिक्षकाच्या रोजच्या तक्रारीत होता.

आपल्या देशातही ही परंपरा आहे. पुद्दुचेरीच्या जिपमरमध्ये १९७० च्या दशकापासून वैद्यकीय शिक्षकांना शिकवण्याचे प्रशिक्षण दिले जाते. मुंबईत केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ मध्ये फायमर संस्थेचे प्रादेशिक केंद्र सुरू झाले. तिथली फेलोशिप दोन वर्षांची असते. नोकरी सांभाळून करायची असते आणि प्रत्येकाला आपल्याच महाविद्यालयातला एखादा शैक्षणिक प्रश्न घेऊन त्यावर प्रकल्प करावा लागतो. २०१९ च्या एमबीबीएस तुकडीपासून क्षमतेवर आधारित अभ्यासक्रम आला. त्यात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांसाठी वेगळे तास आहेत. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचाही समावेश आहे. म्हणजे आजींशी कसे बोलावे, हा विषय आता अभ्यासक्रमात आहे. पण अभ्यासक्रमात असणे आणि वॉर्डात दिसणे यांतले अंतर कोणीतरी मोजायला हवे.

माझा छोटा प्रयत्न

मी काय केले ते सांगते. त्यात फार थोर काही नाही, पण एखाद्या तरुण डॉक्टरला उपयोग होईल.

पहिली गोष्ट, प्रश्न लहान केला. 'वैद्यकीय शिक्षणात संवादकौशल्य कसे वाढवावे?' हा प्रश्न पाच जन्म पुरेल. मी एवढेच विचारले, "आमच्या वॉर्डातले इंटर्न इन्सुलिनच्या रुग्णाला घरी सोडताना त्याच्याकडून करून घेतात का? आणि त्यांना शिकवले, तर ते करू लागतात का?"

दुसरी गोष्ट, आधी वाचले. पबमेड मोबाईलवरही फुकट पाहता येते. तिथे कळले की, यासाठी 'टीच-बॅक' नावाची पद्धत आधीच आहे. 'समजलं का?' असे विचारायचे नाही. म्हणायचे, "आजी, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी सुई कशी भरणार ते करून दाखवा." परीक्षा रुग्णाची नसते, सांगणाऱ्याची असते. त्यामुळे आजींना लाज वाटत नाही.

तिसरी गोष्ट, परवानगी. मला वाटले होते, आपल्याच मुलांना शिकवायचे, त्याला परवानगी कसली? नीतिमत्ता समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी शांतपणे विचारले, "इंटर्नने भाग घ्यायला नकार दिला, तर त्याच्या पूर्णतेच्या दाखल्यावर सही करणार कोण? तुम्हीच ना? मग तो नाही कसा म्हणेल?" मी गप्प झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. जो आपल्या हाताखाली आहे, त्याची संमती खरी आहे का, हे विशेष काळजीने पाहावे. म्हणून संमती घेण्याचे काम दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याने केले. कोण सामील आहे, हे इंटर्नशिप संपेपर्यंत मला कळणार नाही अशी व्यवस्था केली. नावांऐवजी क्रमांक दिले.

चौथी गोष्ट, एकटीने केले नाही. पाहण्याचे काम वॉर्डातल्या अनुभवी सिस्टर आणि पीएसएम विभागातल्या एका मैत्रिणीने घेतले. सिस्टरांनी पहिल्याच बैठकीत माझी यादी खोडली. म्हणाल्या, "मॅडम, सुट्टी देताना रुग्णाबरोबर जो असतो, तो घरी सुई देणारा असेलच असं नाही. आधी ते विचारायला शिकवा." हे माझ्या कोणत्याही पुस्तकात ठळकपणे नव्हते.

आम्ही एका तासाचे सत्र ठेवले. इंटर्ननी एकमेकांसमोर आजी, नातू आणि डॉक्टर अशा भूमिका केल्या. आधी आणि नंतर त्यांचे काम यादीप्रमाणे पाहिले. शेवटी त्यांच्याशी मोकळ्या गप्पाही ठेवल्या आणि खरा धडा तिथेच मिळाला. मी समजत होते की, मुलांना आस्था नाही. मुले म्हणाली, "मॅडम, करून दाखवायला वॉर्डात रिकामी बाटलीच नसते. दोन्ही सिरिंज शेजारी ठेवून दाखवू म्हटलं, तर कुठून आणायच्या?" दोष मुलांच्या मनात नव्हता, आमच्या कपाटात होता. दुसऱ्या दिवसापासून नर्सिंग स्टेशनवर एक प्लॅस्टिकचा डबा आला. त्यात स्वच्छ केलेल्या रिकाम्या बाटल्या, लाल आणि नारिंगी टोपीच्या सिरिंज. माझ्या निबंधाचे काय व्हायचे ते होवो, तो डबा आजही तिथे आहे.

निबंध पहिल्या मासिकाने परत पाठवला. तपासणाऱ्याने लिहिले की, तुलनेसाठी दुसरा गट नाही, एकच वॉर्ड आहे आणि कोणी पाहते आहे म्हटल्यावर माणूस नीट वागतोच. वाईट वाटले. दोन दिवस फाईल उघडली नाही. मग लक्षात आले की, तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. ते कामाच्या मर्यादा म्हणून स्पष्ट लिहिले, जिथे मोठा दावा केला होता तिथे छोटा केला आणि आधी एका परिषदेत पोस्टर म्हणून मांडले. तिथे दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शिक्षकाने डब्याचा फोटो काढून नेला. तो क्षण मला छापील नावापेक्षा मोठा वाटला.

सोप्या वाटेचा मोह

इथे एक इशारा द्यायलाच हवा. पदोन्नती शोधनिबंधांशी जोडलेली असल्यामुळे बाजार तयार झाला आहे. 'पैसे भरा, आठवड्यात छापून देऊ' असे संदेश आमच्या मोबाईलवर येत असतात. अशी मासिके कोणतीही खरी तपासणी करत नाहीत. तयार निबंधात नाव घालून देणारेही भेटतात. दमलेल्या माणसाला मोह होतो आणि मलाही झाला होता. पण आपण मुलांना परीक्षेत नक्कल करू नका म्हणतो, मग स्वतःच्या नावावर न केलेले काम कसे लावणार? सहा महिने उशीर झाला तरी चालेल, पण काम स्वतःचे असावे. मासिक निवडताना अनुभवी सहकाऱ्याला विचारावे, ग्रंथपालांची मदत घ्यावी आणि त्या मासिकातले चार निबंध वाचून पाहावेत.

वेळ कुठून आला?

आता यजमानांचा प्रश्न. सुरुवातीला मी रात्री जेवतानाही लॅपटॉप उघडायची. एके दिवशी मुलगी म्हणाली, "मम्मी, तू आजींना समजलं का ते विचारायला शिकवतेस. मला आज शाळेत काय झालं, ते तू ऐकलंस का?" मी ऐकले नव्हते. तिच्या एका प्रश्नाने मला जागेवर आणले.

त्यानंतर घरात बसून एक ठराव केला. रात्रीचे जेवण झाले की लॅपटॉप बंद. लिखाण फज्रनंतर एक तास, आठवड्यातून चार दिवस. तेव्हा वॉर्डाचा फोन सहसा येत नाही आणि डोके ताजे असते. त्या वेळेचा चहा यजमान करतात. डब्याची भाजी अम्मी चिरून ठेवतात. रमजानमध्ये लिखाण पूर्ण बंद ठेवले. त्या महिन्यात फक्त टिपणे काढली आणि तीही उपयोगी पडली. रोजा धरू इच्छिणारे मधुमेही ओपीडीत येऊन गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा विचारतात. त्यांच्याशी काय आणि कसे बोलायचे, हे आमच्या मुलांना शिकवायला हवे. माझा पुढचा प्रश्न तोच आहे.

कामाच्या ठिकाणीही काही सवयी लावल्या. जे आधीच करतो आहोत, त्यातूनच प्रश्न उचलायचा. वर्गासाठी केलेली यादी, सत्राचा आराखडा, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, काही फेकायचे नाही. खिशातल्या वहीत राऊंडच्या वेळी एक ओळ लिहायची. आज मुले कुठे अडली? आणि नाही म्हणायला शिकायचे. तीन समित्यांपैकी एक सोडली. त्यामुळे कोणाचे काही अडले नाही.

तरीही खरे सांगते, किंमत मोजावी लागते. दोन लग्नांना जाता आले नाही. माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण खासगी रुग्णालयात गेली. तिचा पगार पाहून मन कधीकधी डळमळते. विभागात काहींना वाटते की, शिकवण्यावरचे संशोधन हे काही 'खरे' संशोधन नव्हे. दर वेळी वाद घालायला वेळ नसतो. मी त्यांना तो डबा दाखवते.

घरच्यांसाठी चार शब्द

आपल्या घरात कोणी डॉक्टर-शिक्षक असेल, तर त्याला 'प्रॅक्टिस का टाकत नाहीस?' एवढेच विचारू नका. 'यंदा काय नवीन शिकवलंस?' हेही विचारा. सूनबाई पहाटे लिहीत बसली, तर ती घर टाळते आहे असे समजू नका. तिचा एक तास सगळ्यांनी मिळून राखला, तर उरलेला वेळ ती मनाने घरात असेल. मुलगा असेल तर त्यालाही सांगा की, लिखाणाचा तास हवा असेल, तर त्या बदल्यात घरातला एक तास त्यानेही द्यायचा.

तरुण डॉक्टरांना एवढेच सांगेन की, मोठ्या प्रकल्पाची वाट पाहू नका. या महिन्यात जी गोष्ट शिकवताना तुम्हाला खटकली, ती एका वाक्यात लिहा. त्यावर आधी कोणी काय केले, ते वाचा. आपल्या महाविद्यालयातल्या मेडिकल एज्युकेशन युनिटमध्ये जाऊन बोला. एक सोबती शोधा. परवानगी आधी घ्या, काम नंतर करा. आणि फसलेलेही लिहून ठेवा.

आणि आपण सारे रुग्ण म्हणून एक गोष्ट आजपासूनच करू शकतो. डॉक्टरांनी 'समजलं का?' विचारले, तर घाईने 'हो' म्हणू नका. म्हणा, "डॉक्टर, मी तुम्हाला परत सांगतो, बरोबर आहे का बघा." चांगल्या डॉक्टरला याचा राग येणार नाही. त्याच्याशेजारी उभा असलेला शिकाऊ डॉक्टरही त्यातून काहीतरी शिकेल.

त्या आजी आता दर महिन्याला ओपीडीत येतात. नवा इंटर्न दिसला की, पिशवीतून बाटली आणि सुई काढून टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "सांग बघू पोरा, ही टोपी बरोबर आहे का?" मुले गडबडतात. मी मध्ये बोलत नाही. आधी त्यांना विचार करू देते.